वसतिगृहात लॅपटॉप सांभाळावा कसा? केबल लॉकचा खरोखर उपयोग होतो का?

त्रैराशिक (१२ ऑगस्ट, रात्री ९.४०)

नमस्कार. माझ्या धाकट्या मुलीला पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला असून येत्या सोमवारी ती वसतिगृहात राहायला जाणार आहे. तिच्यासाठी गेल्या आठवड्यात सांगलीतूनच ६४ हजार रुपयांचा लॅपटॉप घेतला. एका गणित शिक्षकाच्या घरात ही रक्कम लहान नव्हे, हे वेगळे सांगायला नको. खोलीत तिघी जणी, कपाटे तीन, दाराचे कुलूप एक आणि त्याच्या किल्ल्या तीन, अशी तेथील व्यवस्था आहे.

दुकानदाराने मला एक केबल लॉक दाखवले. दीड-दोन मीटर लांबीची पोलादी तार, तिच्या एका टोकाला फास आणि दुसऱ्या टोकाला किल्लीचे छोटे कुलूप, किंमत १२०० रुपये. ते घ्यावे की नाही, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, चोरी न होताही लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती पडू शकतो आणि कोणी तो न विचारता उघडू शकतो, त्यावर काय करावे? ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया लिहावे.

नदीकाठ (१२ ऑगस्ट, रात्री १०.०५)

सर, अनुभव घेतला आहे, आणि तोही फुकट नव्हे. शिकत असताना आम्ही चौघे पुण्यात एका सदनिकेत भाड्याने राहत होतो. आमच्यातील एक जण पहाटे व्यायामशाळेत जाताना दार नुसते ओढून घेऊन गेला, लॅच लागले नाही, आणि आम्ही तिघे झोपेत होतो. साडेसहाला तो परत आला तेव्हा टेबलावर चार्जिंगला लावलेले दोन लॅपटॉप आणि उशाजवळचे तीन मोबाइल गेले होते. एका लॅपटॉपचा चार्जरही चोराने सोबत नेला, दुसऱ्याचा मात्र तसाच लोंबकळत ठेवला, म्हणजे गडबडीतही त्याला निवड करायला सवड मिळाली होती.

फिर्यादीत पोलिसांनी जे शब्द लिहिले ते मला आजही पाठ आहेत: ‘उघड्या दरवाजावाटे प्रवेश करून’. वर्तमानपत्रात पुण्याच्या चोऱ्यांच्या बातम्या वाचल्या तर हेच शब्द पुन्हा पुन्हा दिसतील. म्हणून माझे मत असे की, खोलीतील तिघींनी ‘शेवटी बाहेर पडणारी कोण आणि आतून कडी लावणारी कोण’ एवढे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे, आणि लॅपटॉप खिडकीजवळ चार्जिंगला लावू नये. गजांतून हात घालून ओढून नेल्याची उदाहरणेही आमच्याच गल्लीत होती.

कळफलक (१२ ऑगस्ट, रात्री १०.३२)

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत बावीस वर्षे काम करतो, त्यामुळे केबल लॉकबद्दल थोडे अधिकाराने लिहितो. लॅपटॉपच्या कडेला ३ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर लांब अशी एक फट असते. तिला केन्सिंग्टन स्लॉट म्हणतात, आणि तिच्याशेजारी बहुधा कुलपाचे चित्र कोरलेले असते. कुलपाचा टोकाकडचा भाग त्या फटीत सरकवून किल्ली फिरवली की तो आतल्या बाजूने आडवा होतो आणि बाहेर निघत नाही. तारेचा फास मात्र आधी एखाद्या न हलणाऱ्या वस्तूभोवती अडकवलेला हवा.

गोम अशी आहे की, अलीकडच्या पातळ लॅपटॉपना ही फट एकतर लहान आकाराची असते किंवा नसतेच. मॅकबुकला तर मुळीच नसते. तेव्हा सर, १२०० रुपये देण्यापूर्वी लॅपटॉपच्या दोन्ही कडा उजेडात धरून पाहाव्यात.

दुसरे म्हणजे हे कुलूप तार कापण्याचे हत्यार घेऊन आलेल्या चोरासाठी नाहीच. वाचनालयात पाणी प्यायला उठल्यावर दहा सेकंदांत कोणी उचलून नेऊ नये, एवढेच त्याचे काम, आणि तेवढे ते चोख करते. अर्थात ते कशाला बांधले आहे यावर सारे अवलंबून असते. आमच्या प्रयोगशाळेत तारेचा फास टेबलाच्या पायाभोवती घातला होता. एका गुणी विद्यार्थ्याला सादरीकरणासाठी लॅपटॉप शेजारच्या वर्गात हवा होता. त्याने टेबलाचा पाय दोन इंच उचलला, खालून फास काढला आणि तारेसकट लॅपटॉप नेला. काम झाल्यावर परत आणून पुन्हा तसाच अडकवूनही ठेवला.

कोथिंबीर_वडी (१२ ऑगस्ट, रात्री १०.४१)

त्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्रात पूर्ण गुण द्यायला हवे होते.

अर्धविराम (१२ ऑगस्ट, रात्री ११.२०)

सगळी चर्चा यंत्राभोवती फिरते आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ६४ हजारांचा लॅपटॉप गेला तर नुकसान ६४ हजारांचेच होते, पण आतला मजकूर गेला तर त्याला हिशेब नसतो. मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या मेरीलँडमधील घरी चोरी झाली. चोरट्यांनी नेलेल्या सामग्रीत सुमारे २ कोटी ६५ लाख माजी सैनिकांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते, आणि ती माहिती कूटबद्ध केलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात ती सामग्री सापडली आणि माहिती कोणी उघडली नसावी असा निष्कर्ष तपासात निघाला. तरीही माजी सैनिकांनी खात्याविरुद्ध लावलेल्या दाव्यांचा शेवट २००९ मध्ये २ कोटी डॉलरच्या तडजोडीने झाला. चोराला बहुधा आपण काय उचलले आहे याची कल्पनाही नव्हती.

विंडोजचा लॉगिन पासवर्ड म्हणजे घराच्या दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे, हे अनेकांना माहीत नसते. लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे फायली साठवणारा भाग, काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की पासवर्ड न विचारता सगळ्या फायली दिसतात. हे रोखते ते एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा कूटबद्ध रूपात फायली साठवणे. विंडोज प्रो आवृत्तीत ते बिटलॉकर या नावाने असते आणि होम आवृत्तीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणून मिळते. मॅकवर फाइलव्हॉल्ट आणि लिनक्सवर लक्स आहे. यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. माझा क्रम विचाराल तर पहिले एन्क्रिप्शन, दुसरा बॅकअप आणि मग तुमची ती तार.

रोखठोक (१३ ऑगस्ट, सकाळी ७.५५)

अर्धविराम, तुमचे म्हणणे मला पटत नाही. प्रथम वर्षाच्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये अमेरिकेच्या सैनिकांची यादी नसते. भुरटा चोर लॅपटॉप नेतो, कोणीतरी तो फॉरमॅट करून देतो आणि दहा-बारा हजारांना तो विकला जातो. तिच्या फायली वाचायला कोणाला सवड आहे? बापाला दुःख ६४ हजारांचे आहे, आणि तुम्ही त्याला सांगता की यंत्र गेले तरी चालेल!

अर्धविराम (१३ ऑगस्ट, सकाळी ८.३०)

यंत्र गेले तरी चालेल असे मी म्हटलेले नाही. पण त्या ‘रिकाम्या’ लॅपटॉपमध्ये काय असते ते मोजू या. प्रवेशासाठी स्कॅन केलेले आधार, पॅन, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, वडिलांच्या बँक पासबुकाचे पहिले पान, सहीचा फोटो. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड आणि सदैव उघडा असलेला ईमेल. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती ‘पासवर्ड विसरलात का?’ या दुव्यामागची इतर सर्व खाती. चोर वाचणार नाही हे मान्य, पण त्याच्याकडून घेणारा वाचणार नाही याची हमी कोण देईल?

माणदेशी (१३ ऑगस्ट, सकाळी ९.१०)

अर्धविराम यांच्या सल्ल्याला माझी एक पुरवणी आहे, आणि ती मी दोन वर्षांचे फोटो गमावून शिकलो.

लॅपटॉप नवा घेतला तेव्हा दुकानदाराने, मला तसदी नको म्हणून, स्वतःच्याच ईमेल खात्याने तो सुरू करून दिला. मी खुशीत घरी आलो. पुढे दोन वर्षांनी बायोसचे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीचे, काही अपडेट झाले आणि सकाळी पडदा निळा होऊन ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे एन्क्रिप्शन उघडण्याची राखीव किल्ली, मागू लागला. एन्क्रिप्शन माझ्या नकळत पहिल्याच दिवशी सुरू झाले होते आणि ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा झाली होती, म्हणजे दुकानदाराच्या खात्यात. दुकानात गेलो तर ते खाते ज्याने उघडले तो मुलगा नोकरी सोडून गेलेला आणि त्या खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. ज्या कुलपाने चोराला बाहेर ठेवायचे त्याने मालकालाच बाहेर ठेवले. शेवटी सर्व पुसून विंडोज नव्याने टाकावे लागले.

त्रैराशिक (१३ ऑगस्ट, दुपारी १.२५)

माणदेशी, आपला प्रतिसाद वाचून मधल्या सुट्टीत घरी जाऊन आलो. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडले, तर तेथे मुलीचेही नाव नाही आणि माझेही नाही. जो ईमेल दिसतो तो दुकानातल्या मुलाचा असावा. आता काय करावे?

कळफलक (१३ ऑगस्ट, दुपारी १.५०)

सर, लॅपटॉप नवाच आहे आणि आत काही साठवलेले नाही, हे उत्तम. सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’ निवडून सर्व काही पुसून टाकावे आणि मुलीने तिच्या स्वतःच्या खात्याने तो पहिल्यापासून सुरू करावा. मग सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे का ते पाहावे, आणि दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर तिचे मायक्रोसॉफ्ट खाते उघडून रिकव्हरी की तेथे खरोखर आली आहे का याची खात्री करावी. त्या कीची एक प्रत कागदावर उतरवून आपल्या घरी ठेवावी. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नको.

आपण गणित शिकवता, म्हणून एक गंमत सांगून ठेवतो. ती की सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. टंकताना झालेली चूक त्यामुळे गटागणिक पकडता येते.

कोथिंबीर_वडी (१३ ऑगस्ट, दुपारी २.०५)

आमच्या कार्यालयात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पासवर्ड पडद्याखाली चिटकवून ठेवला होता. सुरक्षा विभागाने आक्षेप घेतल्यावर त्यांनी ती चिठ्ठी काढून कळफलकाखाली चिटकवली. (येथील कळफलक यांनी मनावर घेऊ नये.)

तिसरी_खाट (१३ ऑगस्ट, सायंकाळी ६.१५)

सरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी फारसे वळलेले दिसत नाही. मी चार वर्षे तिघींच्या खोलीत काढली आहेत. वसतिगृहात लॅपटॉप चोर वापरत नाहीत, मैत्रिणी वापरतात. ‘फक्त प्रिंट काढायची आहे’, ‘फक्त एक भाग बघायचा आहे’ असे म्हणणाऱ्या मुलीला नाही म्हणता येत नाही, कारण रात्री तिच्याच डब्यातला चिवडा आपण खाल्लेला असतो. मी पासवर्ड सांगून टाकला होता. एकदा मी आंघोळीला गेले असता एकीने गंमत म्हणून माझ्या ईमेलवरून विभागप्रमुखांना कळवले की, माझे मन लागत नसल्यामुळे मी उद्या प्रात्यक्षिकाला येणार नाही. सरांनी उत्तर पाठवले, ‘मन लागल्यावर अर्ज घेऊन भेटावे.’

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. मैत्रिणींसाठी ‘खोली क्रमांक १४’ या नावाचे वेगळे वापरकर्ता खाते उघडले, ज्याला प्रशासकाचे अधिकार नव्हते आणि ज्यातून माझ्या फायली दिसत नव्हत्या. त्यामुळे नाही म्हणण्याची वेळच येईना. आणि जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करण्यासाठी विंडोज आणि एल ही दोन बटणे एकत्र दाबण्याची सवय लावून घेतली, जशी बाहेर पडताना पंखा बंद करण्याची असते.

अर्धविराम (१३ ऑगस्ट, सायंकाळी ६.५०)

तिसरी_खाट यांनी फार नेमके लिहिले आहे. यात दुरुस्तीचे दुकानही धरायला हवे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम किरकोळ बिघाड केलेले लॅपटॉप सोळा दुकानांत दुरुस्तीला दिले होते. त्यांतील सहा ठिकाणी कामगारांनी ग्राहकाच्या खासगी फायली उघडल्याचे नोंदींतून दिसले, आणि दोन ठिकाणी त्या उतरवूनही घेतल्या होत्या. कीबोर्ड किंवा पंखा बदलायला पासवर्डची गरज नसते. मागितलाच, तर वेगळ्या खात्याचा द्यावा.

खालची_बर्थ (१४ ऑगस्ट, सकाळी १०.४०)

सांगली-पुणे प्रवास रेल्वेने होणार असेल तर तिकडेही लक्ष असू द्यावे. खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्या साखळी-कुलपासाठीच आहेत. फलाटावर मिळणारी साखळी पुरते. पण रात्री लॅपटॉपची सॅक साखळीने बांधून पायाशी ठेवण्यापेक्षा उशाखाली घेणे मला अधिक भरवशाचे वाटते. मधल्या स्थानकांवर गाडी थांबते तेव्हा लोक गाढ झोपेत असतात आणि डब्यात कोण चढले-उतरले याचा पत्ता नसतो.

चोरी झालीच तर रेल्वे भरपाई देईल या आशेवर राहू नये. रेल्वे कायद्याच्या कलम १०० नुसार, पावती घेऊन सोपवलेले नाही असे आपल्या ताब्यातील सामान गेले, तर रेल्वे कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय रेल्वे जबाबदार नसते. सर्वोच्च न्यायालयानेही जून २०२३ मध्ये एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातील एक लाख रुपये गेल्याच्या प्रकरणात, ही रेल्वेच्या सेवेतील त्रुटी नव्हे, असा निर्णय दिला. तक्रार मात्र अवश्य नोंदवावी. १३९ वर कळवता येते, आणि चोरीचा तपास लोहमार्ग पोलीस करतात.

रोखठोक (१४ ऑगस्ट, सकाळी ११.१५)

तक्रार नोंदवून काय होते? माझी बॅग गाडीतून गेली होती. सिग्नलला एकाने काच वाजवून ‘साहेब, इंजिनातून तेल गळते आहे’ म्हणून सांगितले. मी उतरून बॉनेट उघडले, तोवर दुसऱ्याने डावीकडचे दार उघडून सॅक नेली होती. ठाण्यात गेलो तर ‘गहाळ’ म्हणून नोंद करून कागद हातात दिला. लॅपटॉप काही पावसात विरघळला नव्हता!

निवृत्त_हवालदार (१४ ऑगस्ट, दुपारी १२.३०)

रोखठोक साहेब, आपला राग योग्य आहे आणि ज्यांनी तसे केले त्यांचे समर्थन मी करणार नाही. गहाळ म्हणजे वस्तू हरवली. त्यात गुन्हा दाखल होत नाही, म्हणून तपासही होत नाही. चोरी झाली असेल तर फिर्यादच द्यावी, आणि जबाबावर सही करण्यापूर्वी तो वाचून पाहावा. भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम ३०३ मध्ये येते आणि राहत्या घरातील किंवा प्रवासी वाहनातील चोरी कलम ३०५ मध्ये, जिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून फिर्याद ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. चोरीचा संगणक माहीत असूनही बाळगणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ब लागू होते, हे स्वस्तात ‘जुना’ लॅपटॉप घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

एक गैरसमज दूर करतो. मोबाइल चोरीला गेला की तो सीईआयआर या सरकारी संकेतस्थळावर बंद करता येतो, तसा लॅपटॉप करता येत नाही, कारण त्याला आयएमईआय, म्हणजे मोबाइलला असतो तसा ओळख क्रमांक, नसतो. त्याची ओळख म्हणजे सिरियल नंबर. मुद्देमालाच्या खोलीत एकाच रंगाचे तीस लॅपटॉप ओळीने मांडलेले असतात आणि फिर्यादी म्हणतो, ‘माझा काळा होता.’ माझ्या उभ्या नोकरीत दहापैकी एखाद्याकडे नंबर असे. ज्याच्याकडे नंबर आणि बिल असते, त्याला न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यास हजर करण्याच्या हमीवर, वस्तू परत मिळणे सोपे जाते. तेव्हा खोके फेकण्यापूर्वी त्यावरील पट्टीचा फोटो काढून ठेवावा, आणि तो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नये.

हप्ता_भरला (१४ ऑगस्ट, दुपारी ३.०५)

हवालदार साहेबांच्या मुद्द्याला जोडून विम्याबद्दल सांगतो. घरफोडीच्या विम्यात ‘बळाचा वापर करून प्रवेश’ अशी अट असते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती ग्राह्य धरली आहे. म्हणजे वर नदीकाठ यांनी सांगितलेली ‘उघड्या दरवाजावाटे’ झालेली चोरी अशा विम्यात बहुधा बसणार नाही. लॅपटॉपचा स्वतंत्र विमा घेताना नुसती चोरी धरली आहे का, आणि गाडीत ठेवलेल्या वस्तूंबद्दल काय लिहिले आहे, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

कोथिंबीर_वडी (१४ ऑगस्ट, दुपारी ३.२०)

थोडक्यात, चोराला विनंती करावी की कडी तोडून ये.

नदीकाठ (१४ ऑगस्ट, रात्री ९.००)

विंडोजमधील ‘फाइंड माय डिव्हाइस’ सुरू करून ठेवण्याचे कोणी लिहिले नाही. चोराने लॅपटॉप इंटरनेटला जोडला तरच त्याचा ठावठिकाणा कळतो, त्यामुळे फार आशा नको. मॅकचे मात्र वेगळे आहे. नव्या मॅकमध्ये ‘फाइंड माय’ सुरू असेल तर सर्व पुसूनही मालकाच्या खात्याशिवाय तो पुन्हा सुरू होत नाही. आणि ठावठिकाणा कळला तरी स्वतः तेथे जाऊ नये. आमच्यातील एक जण मोबाइलच्या मागावर गेला होता, त्याला चार जणांनी ‘पत्ता सांगून’ परत पाठवले.

त्रैराशिक (१९ ऑगस्ट, रात्री १०.१०)

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी काल वसतिगृहात पोहोचली, म्हणून हिशेब देतो.

लॅपटॉपच्या दोन्ही कडा उजेडात धरून पाहिल्या. केन्सिंग्टनची फट नाही. दुकानदाराला दाखवले तेव्हा तोही चष्मा वर करून पाहत राहिला. त्यामुळे केबल लॉक घेतले नाही आणि त्याऐवजी कपाटाला चांगले सात लिव्हरचे कुलूप घेतले, त्याची एक किल्ली घरी ठेवली आहे. रीसेट करून लॅपटॉप तिच्या खात्याने सुरू केला. मैत्रिणींसाठी वेगळे खाते तिने स्वतःच उघडले, त्याला नाव काय दिले ते मला सांगितले नाही. सिरियल नंबरचा फोटो तिच्या आईच्या मोबाइलमध्ये आहे.

कळफलक, आपली गंमत मला चांगलीच महाग पडली. मुलीने मोबाइलवर रिकव्हरी की वाचून दाखवली आणि मी ती वहीत उतरवली. खरा गट येथे लिहिणार नाही, पण नमुन्यासाठी ४८३६१५ घ्या. एकाआड एक अंकांची बेरीज ४ + ३ + १ म्हणजे ८, उरलेल्यांची ८ + ६ + ५ म्हणजे १९, फरक ११. म्हणजे भाग जातो. सातवीच्या मुलांना शिकवतो ती कसोटी. तिची गाडी पुण्याकडे निघून गेल्यावर मी घरी येऊन आठही गट असे तपासले. सात बरोबर आले आणि पाचव्यात फरक ३ आला. पुन्हा केले, पुन्हा ३.

रात्री फोन केला. ती म्हणाली, ‘बाबा, पाचव्या गटात शेवटून दुसरा नऊ आहे. तुम्ही मराठी अंकांत लिहिलंत का?’ मराठीतच लिहिले होते, आणि वहीत पाहिले तर माझ्या घाईच्या अक्षरात त्या नवाचा एक झाला होता. कागद नव्याने लिहून, यावेळी इंग्रजी अंकांत, तिच्या जन्मदाखल्याच्या फायलीत ठेवला आहे.